औषध स्वस्त, मात्रा महाग

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अत्यावश्यक औषधांची सुधारित राष्ट्रीय यादी प्रसिद्ध केली. तीत एकूण ३८४ औषधे होती व त्यांपैकी ३४ नव्याने समाविष्ट झालेली होती. कर्करोग, मधुमेह आणि क्षय यांवरील नव्या औषधांची त्या वेळी चर्चा झाली, ती योग्यच होती. त्याच ३४ नावांत फ्लुड्रोकॉर्टिसोन या लहानशा गोळीचेही नाव होते. तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या आहेत अशा रुग्णांना शरीरातील मीठ टिकवून धरण्यासाठी ही गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते. या रुग्णांची संख्या थोडी आहे, त्यांचा आवाज क्षीण आहे आणि त्यांच्या रोगाचे नावही सामान्य सुशिक्षित माणसाच्या कानावरून गेलेले नसते. यादीत नाव आले म्हणजे औषध रुग्णाच्या हाती आले, ही समजूत सोयीची असली तरी भाबडी आहे. शिवाय या रोगात औषध मिळणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. त्याची योग्य मात्रा सापडणे हा उरलेला भाग अधिक अवघड आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी यादीत होत नाही.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके निर्माण करतात. कॉर्टिसॉलचे रक्तातील प्रमाण माणूस जागा होण्याच्या सुमारास सर्वाधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी होते. ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी निरोगी शरीर हा पुरवठा आपोआप वाढवते. ग्रंथी निकामी झाल्या की माणूस थकतो, वाळतो, काळवंडतो, उठून उभे राहताच त्याला भोवळ येते आणि त्याला खारट खाण्याची विलक्षण ओढ लागते. उपचार न झाल्यास एखादे साधे आजारपणही त्याचा जीव घेऊ शकते. लंडनच्या गायज रुग्णालयातील टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. पाश्चात्त्य देशांत आज हे कारण मागे पडले आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, त्या आपल्या देशात ते मागे पडलेले नाही.

या औषधाच्या किमतीचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. १९४० च्या दशकाअखेर कॉर्टिसोन प्रथम तयार झाले ते बैलाच्या पित्तापासून, छत्तीस रासायनिक पायऱ्या चढून. ग्रॅमला सुमारे २०० डॉलर अशी त्याची किंमत होती. १९५० मध्ये केंडल, हेंच आणि राइखस्टाइन यांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी एका बुरशीकडून ते अवघड रासायनिक काम करवून घेण्याची युक्ती शोधली, आणि थोड्याच काळात भाव ग्रॅमला सहा डॉलरच्या आसपास आला. ज्या औषधासाठी श्रीमंत रुग्णही तिष्ठत होते ते मुबलक झाले. मुबलक वस्तूचे मोजमाप करण्याची निकड सहसा कोणाला वाटत नाही, आणि येथेही तेच घडले. प्रौढ रुग्णाला दिवसाला तीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्यावे, असा प्रघात कित्येक दशके चालला. १९९० च्या दशकात अधिक अचूक पद्धतींनी मोजणी झाली, तेव्हा निरोगी शरीर पूर्वी मानले जाई त्याच्या जेमतेम निम्मे कॉर्टिसॉल तयार करते असे आढळले. म्हणजे असंख्य रुग्ण वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक औषध घेत होते. हाडे ठिसूळ होणे, वजन व रक्तदाब वाढणे, मधुमेहाकडे कल होणे, अशी त्याची किंमत ते नकळत देत होते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन वेळा विभागून आणि सर्वांत मोठा वाटा उठल्याबरोबर, अशी शिफारस आहे.

परंतु १५ आणि २५ यांच्यात नेमके किती? थायरॉइडच्या रुग्णाची मात्रा रक्ताच्या एका तपासणीवरून बरीचशी ठरवता येते. येथे तशी विश्वसनीय तपासणी नाही, कारण गोळीतील संप्रेरकाचा अंमल रक्तात दीड तासागणिक निम्मा होत जातो आणि कोणत्या घटकेला रक्त घेतले यावर आकडा बदलतो. वैद्याला रुग्णाशी बोलावेच लागते. उठताना भोवळ येते काय, दुपारी गळून जायला होते काय, झोप लागते काय, वजन कोणत्या दिशेने सरकते आहे, लोणचे-मीठ खावेसे वाटते काय, हे विचारायचे, बसवून आणि उभे करून रक्तदाब पाहायचा, मात्रा थोडी हलवायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच सारे करायचे. सरासरी हा अर्थशास्त्रज्ञांचा आवडता आकडा आहे. पण सरासरी मात्रा घेणारा सरासरी रुग्ण कोठेच राहत नाही.

तो, समजा, जोहे येथे राहतो. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी विख्यात आहेत. साच्यातून मूर्ती काढणे, घासकाम, रंगकाम, डोळ्यांची आखणी अशी कामे येथे वर्षभर चालतात. उत्सव जवळ आला की दिवस आणि रात्र यांतील सीमाही उरत नाही. अशा कारखान्यातील एखाद्या कारागिराला हा विकार आहे असे धरून चालू. त्याच्या कागदावर ‘सकाळी दहा, दुपारी पाच’ असे लिहिलेले असते. हंगामात तो रात्रभर रंगकाम करून पहाटे झोपतो आणि दुपारी उठतो. त्याची सकाळ कोणती? मात्रा उठण्याच्या वेळेशी बांधलेली असते, घड्याळाशी नव्हे, हे त्याला कोणी सांगितले नसेल तर तो सकाळची गोळी झोपण्यापूर्वी घेईल, त्याची झोप उडेल आणि कामाच्या ऐन वेळी शरीरात काहीच शिल्लक नसेल. वैशाखातल्या उकाड्यात पत्र्याखाली काम करताना घामावाटे मीठ जाते. त्या दिवसांत त्याला मिठाचे आणि कधी फ्लुड्रोकॉर्टिसोनचे प्रमाण वाढवावे लागेल. घरातील वडीलधारी माणसे मात्र रक्तदाबाच्या भीतीने त्याच्या ताटातले मीठ काढून घेत असतील. हे घडावे तेही मिठागरांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या तालुक्यात!

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ताप आला की मात्रा दुप्पट, अधिक चढला तर तिप्पट करावी, असा जगभरचा दंडक आहे. उलट्या सुरू झाल्या तर पोटात गोळी टिकत नाही. मग १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन विनाविलंब द्यावे लागते. ते काही तास लांबले तरी रुग्ण दगावू शकतो. हे इंजेक्शन दुर्मिळ नाही. दम्यासाठी, तीव्र अ‍ॅलर्जीसाठी ते नेहमी वापरले जाते आणि महागही नाही. रात्री दोन वाजता उलट्या होणाऱ्या या माणसाला पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात आणले, तर कपाटात औषध असण्याचा संभव पुष्कळ आहे. हा रुग्ण साध्या जुलाब-उलट्यांचा नसून त्याला प्रथम ते इंजेक्शन हवे, ही माहिती त्याच्याबरोबर येईल काय, हा प्रश्न आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना हाच विकार होता. १९४७ मध्ये लंडनमध्ये त्याचे निदान झाले आणि राजकीय कारणांसाठी तो दडवला गेला. पण मात्रा हलवणारे वैद्य त्यांच्या दिमतीला होते. कारागिराला तज्ज्ञ गाठायचा तर मुंबईची वाट धरावी लागते. भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हा खर्च गोळ्यांच्या खर्चाहून सहज अधिक होतो, आणि मात्रा ठरेपर्यंत तो एकदा नव्हे, अनेकदा करावा लागतो. औषधांच्या किमतींवरील सरकारी चर्चेत हा आकडा कधी येत नाही.

या चित्राची दुसरी बाजू अधिक उद्वेगजनक आहे. ज्याला हे औषध जगण्यासाठी हवे त्याला ‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीती घालून नातेवाईक ते सोडायला लावतात. आणि ज्याला ते नको असते त्याच्या पोटात तेच औषध बिनदिक्कत जात असते. प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही औषधे कायद्याने वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरीही सांधेदुखी, दमा, अंगावर खाज, भूक न लागणे अशा तक्रारींवर ती दुकानातून सुटी मिळतात आणि भोंदू वैदूंच्या पुड्यांतूनही सापडतात. कोविडच्या २०२१ मधील दुसऱ्या लाटेत त्यांचा अतिरेक झाला. त्यापाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीच्या रोगाचा सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. हे औषध काही आठवडे सतत घेतले की शरीरातील ग्रंथी आपले काम थांबवतात; ते एकाएकी बंद केले तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचे आज सर्वांत सामान्य कारण हेच आहे. बाजार येथे औषधच नव्हे, रुग्णही निर्माण करतो. त्या रुग्णाला आपण काय घेत होतो हेच माहीत नसते, मग त्याची मात्रा हळूहळू उतरवायची कोणी?

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. जन्मतःच ही संप्रेरके नीट तयार न होणारी बालके आढळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा हे प्रमाण सुमारे पावणेसहा हजार जन्मांत एक असे निघाले. मुलाची मात्रा शरीराच्या आकारमानाशी बांधलेली असते आणि मूल तर वाढतच असते. मात्रा जास्त झाली की उंची खुंटते, कमी पडली की पौगंडावस्था अकाली येते किंवा जिवावर बेतते. प्रौढाला हायड्रोकॉर्टिसोनऐवजी स्वस्त आणि कोठेही मिळणारे प्रेडनिसोलोन तीन ते पाच मिलिग्रॅम देऊन भागवता येते, त्यात गैर काही नाही. वाढत्या मुलाला ते चालत नाही, कारण ते वाढच रोखते. मग दहा मिलिग्रॅमच्या गोळीचे आईने सुरीने चार तुकडे करायचे. चारही सारखे होत नाहीत. महाराष्ट्रात प्रत्येक नवजात बालकाची या विकारासाठी तपासणी होत नाही. केरळने सरकारी रुग्णालयांत ती सुरू केली आहे.

सरकारच्या हातात असलेले मुख्य साधन किंमत-नियंत्रणाचे आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीतील औषधाची कमाल किंमत ठरते. एक टक्का किंवा त्याहून अधिक बाजारहिस्सा असलेल्या सर्व छापांच्या किमतींची साधी सरासरी काढून तीत विक्रेत्याचा नफा मिळवायचा, अशी ती रीत आहे. मोठी मागणी आणि पुष्कळ उत्पादक असलेल्या औषधांना ती बरी लागू पडते. जेथे एक-दोनच उत्पादक आहेत तेथे सरासरी कशाची काढणार? एखाद्या उत्पादकाला यादीतील औषध बंद करायचे असेल तर त्याने सहा महिने आधी सूचना द्यावी, सरकार त्याला काही काळ ते चालू ठेवायला लावू शकते, असेही आदेश सांगतो. पण ज्याने ते कधी केलेच नाही त्याला आरंभ करायला लावण्याची तरतूद त्यात नाही. तालुक्याच्या दुकानदारालाही वर्षात एक-दोन गिऱ्हाइकांसाठी बाटली ठेवणे परवडत नाही.

म्हणून नियंत्रण नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. ब्रिटनमध्ये छापाच्या औषधांवर किमतीचे बंधन होते, बिनछापाच्या औषधांवर नव्हते. एका कंपनीने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवरील छापाचे नाव काढून टाकले आणि ती बंधनातून सुटली. २००८ मध्ये ७० पेन्सला मिळणारे दहा मिलिग्रॅमचे पाकीट मार्च २०१६ पर्यंत ८८ पौंडांवर गेले. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा या गोळ्यांवरील वार्षिक खर्च सुमारे पाच लाख पौंडांवरून आठ कोटींच्या वर चढला. तेथील स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये २६ कोटी पौंडांहून अधिक दंड ठोठावला आणि त्यावर पुढे न्यायालयीन वादही झाले. साठ वर्षांहून जुने, कोणाच्याही पेटंटखाली नसलेले हे औषध! रुग्ण थोडे असले आणि त्यांना औषध सोडण्याची सोय नसली, तर मक्तेदाराला काय करता येते याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणे कठीण. आपल्याकडे भीती उलट्या बाजूची आहे. किंमत बांधलेली राहील, औषध दुकानात नसेल.

थोड्या रुग्णांसाठी थोडे औषध ही गरज खुल्या बाजारापेक्षा राज्याच्या एकत्रित खरेदीने अधिक सहज भागेल. जिल्हा रुग्णालयांच्या नोंदींवरून रुग्ण मोजावेत, वर्षाच्या गोळ्या एकदम घ्याव्यात आणि तालुक्याच्या रुग्णालयातून दरमहा द्याव्यात. रकमेचा आकडा आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात शोधावा लागेल इतका लहान असेल. अलिबाग येथे २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस पेण-रोह्यास येऊन याच रुग्णांना सावकाश वेळ दिला, तर मुंबईच्या खेपा वाचतील आणि मात्रा हलवण्याचे काम गावाच्या जवळ येईल. ब्रिटनने २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी खिशात ठेवायचे एक कार्ड काढले. तसे मराठी कार्ड छापायला काही पैसे लागतात. त्यावर रोगाचे नाव, रोजची मात्रा, तापात किती वाढवायची आणि उलट्या होत असतील तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे ही सूचना, एवढे ठळक अक्षरांत हवे. आणि मागच्या बाजूला तोच मजकूर इंग्रजीत, कारण रात्रपाळीचा डॉक्टर कोणत्या प्रांताचा असेल हे सांगता येत नाही.