उतारावर ट्रक न्यूट्रल केला की नेमकं काय होतं?

20 नोव्हेंबर 2022. पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं.

गिअरमधलं इंजिन चाकांचा वेग रोखून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, ब्रेक लागेनासे होतात. इंजिनच बंद असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो.

ज्या गिअरवर घाट चढायचा, त्याच गिअरवर उतरायचा, हा चालकांचा जुना नियम. पण तो गिअर उतार लागण्याआधीच टाकायला हवा. वेग वाढल्यावर पडत नाही.

आणि डिझेल? आजच्या इंजिनांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा जवळपास बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतच राहतं!