‘अंश आढळला नाही’ याचा अर्थ काय?

खरड छाटणी होऊन पाच-सहा पाने आली, की गावोगावी सीसीसीची बाटली बाहेर निघते. वेलीचा माज आवरतो, डोळ्यात घड चांगला तयार होतो, हे खरेच. पण याच सीसीसीने, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडने, २०१० च्या हंगामात द्राक्षनिर्यातीचे कंबरडे मोडले होते, हे नव्या बागायतदारांपैकी पुष्कळांना ठाऊक नाही.

त्या वर्षी युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा, दहा टन द्राक्षांत अर्धा ग्रॅम! आपला माल त्यापुढे गेला आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. बागायतदार म्हणत होते, “अहो, आमच्याकडे प्रयोगशाळेचा दाखला आहे की!” दाखला खोटा नव्हता. ज्या औषधांची तपासणी करायची, त्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. जे शोधलेच नाही, ते सापडणार कसे?

हे यंत्र कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. शाईचा ठिपका टीपकागदावर टाकून कागदाचे टोक पाण्यात धरले, तर रंग वेगवेगळे होऊन चढतात. क्रोमॅटोग्राफीचे तत्त्व तेच. द्राक्षे वाटून, द्रावकाने औषधांचे अंश काढून घेतात आणि ते एका बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्या कणांना विद्युतभार देऊन त्यांचे वजन पाहतो, मग ते फोडून तुकड्यांचेही वजन पाहतो. सीसीसीचा कण १२२ वजनाचा, त्याचा एक तुकडा ५८ चा. वेळ, वजन आणि तुकडे, तिन्ही जुळले तरच नाव पक्के. मात्र कोणती वजने पाहायची, हे यंत्राला आधी सांगावे लागते.

सीसीसीची आणखी एक खोड आहे. ते पाण्यात फार विरघळते. एकाच वेळी शेकडो कीटकनाशके शोधण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्या द्रावकात ते नीट उतरत नाही. त्यासाठी आम्लयुक्त मेथॅनॉलने वेगळा अर्क काढावा लागतो. २०१० नंतर त्याचे नाव यादीत आले, ते या वेगळ्या तपासणीसह.

“एप्रिलात मारलेले फेब्रुवारीच्या घडात कसे येईल?” असे कृषी सहाय्यकांना हमखास विचारले जाते. येते. ते वेलीच्या लाकडात टिकून राहते आणि पुढच्या फुटीबरोबर वर चढते. म्हणून निर्यातीची बाग ठरवायची, ती खरड छाटणीच्या आधी. ऑक्टोबरात नोंदणीचा अर्ज भरताना आठवण होऊन उपयोग नाही.

दुकानदार ‘टॉनिक’ म्हणून जे देतो, त्याच्या लेबलावर घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली परत करा. आत काय आहे हे तुम्हाला माहीत नसले, तरी यंत्राला कळते. फवारणीच्या नोंदवहीत औषधाचे बाजारी नाव नको, घटकाचे नाव लिहा. आणि अहवाल हातात आला, की शेवटचा ‘पास’ शेरा पाहून घडी घालू नका. कोणकोणती औषधे तपासली, ती यादी वाचा आणि आपल्या नोंदवहीशी ताडून पाहा. एखादे नाव यादीत नसेल, तर माल तोडण्याआधी प्रयोगशाळेला ते वेगळे तपासायला सांगा.