वळसा कुणी घालायचा?

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात बायका-मुलं, नोकरदार सर्रास सायकलवर. मला वाटायचं, त्यांची सवयच तशी. पण नाही हो! १९७७ साली पालिकेने तिथल्या मध्यवस्तीचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्यात मोटारीने जायचं तर बाहेरून वळसा. सायकल मात्र थेट. व्यापारी चिडले, पण पालिका हलली नाही.

आमच्याकडे शेजारच्या वाडीतून शाळेत येणाऱ्या आठवीतल्या मुलीला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. ती दारात गंजतेय. बाजारपेठेतल्या टेम्पो-ट्रकमधून पोरीला धाडायला आई घाबरते. (चूक तिची नाहीच.) शाळा भरताना-सुटताना गाड्या बाहेरून वळवा, असा अर्ज घेऊन आम्ही नगरपालिकेत गेलो. साहेब म्हणाले, ‘‘ताई, व्यापारी ऐकायचे नाहीत.’’ अर्जाची पोच तेवढी घेऊन आलेय.