अनुग्रह की अधिकार?

तंजावरचे मराठी राज्य कसे बुडाले हा विषय निघाला म्हणजे तिरुवैयारूपासून तंजावरपर्यंतच्या आम्हा दक्षिणी मराठी मंडळींत एक ठराविक उत्तर ऐकू येते. राजा पुत्रावाचून वारला, संस्थान खालसा झाले, राणीने केलेली फिर्याद वरिष्ठ न्यायासनाने फेटाळली, पुढे सरकारने उदार होऊन खाजगी मालमत्ता परत दिली. तेव्हा या प्रकरणात तक्रारीस जागा म्हणून उरलेली नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ. हीच मंडळी अमेरिकेतील सू लोकांची हकीकत वाचतात तेव्हा त्यांना मोठे नवल वाटते. ज्या डोंगराबद्दल तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयाने कोट्यवधी डॉलरांची भरपाई मंजूर केली, त्या डोंगराचे पैसे हे दरिद्री लोक चार दशकांहून अधिक काळ सरकारी खजिन्यात पडू देतात आणि डोंगरच परत मागतात, याला हट्ट म्हणावे की वेडेपणा, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे समाधान आणि हे नवल या दोहोंचे मूळ एकच आहे. राजसत्तेने दिलेले वचन मोडले असता त्याचे परिमार्जन कसे व किती करावयाचे हे वचन मोडणाऱ्यानेच ठरवावे, ही समजूत म्हणजे ते मूळ होय. आणि तिचे खंडन करावयाचे तर घरची व बाहेरची अशी दोन्ही दफ्तरे शेजारी शेजारी उघडून पाहणे अवश्य आहे.

प्रथम घरचे दफ्तर. १७९९ च्या तहनाम्याने सरफोजीराजांनी तंजावर मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला, आणि त्याच्या मोबदल्यात तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष स्टार पॅगोडा व निव्वळ वसुलाचा पंचमांश एवढे त्यांच्याकडे राहिले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निवर्तले. त्यांच्या मागे राण्या होत्या, कन्या होत्या, पुत्र नव्हता. सातारा, नागपूर व झाशी यांचे जे झाले ते डोळ्यांसमोर असताना गादी जाईल ही भीती सर्वांनाच असणार. परंतु १८ ऑक्टोबर १८५६ रोजी रेसिडेंट फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात शिरला तेव्हा गादीबरोबर घरही गेले. जवाहीर, खाजगी मिळकत, मोकाशाची गावे, सर्वांवर जप्ती आली, मोहरा लागल्या आणि पहारे बसले. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद गुदरली. राज्य कंपनीने घेतले असेल, पण नवऱ्याची खाजगी दौलत वारसाची आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्या कोर्टाने ते मान्यही केले. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला.

हा फिरविलेला निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण आमच्या समाधानी मंडळींची सारी भिस्त त्यावर आहे. राणीचा हक्क खोटा आहे असे तो निकाल देणाऱ्या लॉर्ड किंग्जडाउन यांनी कोठेही म्हटलेले नाही. जप्ती ही सार्वभौम सत्तेने सार्वभौम या नात्याने केलेली कृती आहे. ती न्याय्य होती की अन्याय्य, शहाणपणाची होती की अविचाराची, याचा विचार करण्यास दिवाणी न्यायालयापाशी साधन नाही व अधिकारही नाही. अन्याय झाला असला तरी त्यावरचा इलाज आमच्या हाती नाही, असा त्यांचा एकंदर आशय आहे. म्हणजे दाव्याच्या गुणदोषांचा निर्णय झालाच नाही. न्यायालयाने केवळ दरवाजा लावून घेतला. ज्या प्रश्नाची सुनावणीच नाकारली गेली त्याचा निकाल लागला असे म्हणणे, हा कायद्याच्या भाषेचाही विपर्यास आहे.

राहता राहिले १८६२ चे औदार्य. त्या वर्षी सरकारने जप्त मिळकतीचा मोठा भाग राण्यांना परत केला, ज्येष्ठ राणीकडे व्यवस्था सोपविली आणि पुढचा वारसाक्रमही स्वतःच घालून दिला. परंतु ही देणगी हक्काची ओळख म्हणून दिलेली नव्हती. ती सरकारची कृपा होती, आणि त्या कृपेच्या शब्दांखेरीज राण्यांपाशी दुसरे कोणतेही साधन राहिले नाही. परिणाम असा झाला की, जो वाद राजघराणे व सरकार यांच्यामध्ये होता तो राण्याराण्यांमध्ये सुरू झाला. सरकारी हुकुमातील कोणत्या वाक्याने कोणास किती मिळते, याचा काथ्याकूट १८६८ साली मद्रास हायकोर्टात चालला होता. जप्ती करण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, हा मूळचा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलाच नाही.

आता परकी हकीकत. सू हे एका टोळीचे नाव नसून डकोटा, नकोटा व लकोटा अशा बोली बोलणाऱ्या, स्वतःस ‘ओचेती शाकोविन’ म्हणजे सात सभाग्नींचा समूह म्हणविणाऱ्या लोकांचे नाव आहे. वर्षातील एक ठळक घटना निवडून तिचे चित्र कातड्यावर काढावयाचे आणि अशा चित्रांच्या मालिकेने पिढ्यांचा कालक्रम राखावयाचा, ही त्यांची बखर. १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकन सरकारने त्यांच्याशी तह केला आणि मिसूरी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख, त्यात त्यांना परम पवित्र असलेले ब्लॅक हिल्स हे डोंगरही, त्यांच्या निर्वेध उपभोगास तोडून दिला. प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्यांवाचून यातील भूमी कोणासही देता येणार नाही, असे कलमही त्यात घातले. १८७४ साली अमेरिकन सैन्यातील कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीने डोंगरात सोने असल्याची बातमी आणली. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्न येथे सू व त्यांचे मित्र शायेन यांनी कस्टरचा नाश केला. त्यानंतर डोंगर सोडले नाहीत तर अन्नपुरवठा बंद, असा धाक घालून सह्या घेण्यात आल्या, त्याही सुमारे दशांश पुरुषांच्याच. आणि १८७७ च्या कायद्याने डोंगर सरकारजमा झाले. १८८३ पासून त्यांच्या सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी आली, मुले दूरच्या निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा मोडण्यात आली, आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने बायकामुलांसह अडीचशेहून अधिक माणसे मारली.

या दोन्ही हकीकतींवर पहिला आक्षेप असा की, जिंकणाऱ्याचे राज्य हा इतिहासाचा नियमच आहे, त्याचे सुतक शतकानुशतके धरण्यात अर्थ नाही. हा युक्तिवाद दोन्ही प्रकरणांत गैरलागू आहे. तंजावर १८५६ साली कंपनीने जिंकले नाही आणि ब्लॅक हिल्सही तहाने सूंच्या स्वाधीन होते. दोन्ही ठिकाणी मालकीचा उगम लेखी करारात आहे, आणि करार बलवत्तर पक्षानेच आपल्या सोयीसाठी केलेला आहे. सू लढवय्ये होते म्हणून त्यांच्याशी सामोपचार करणे सरकारला स्वस्त पडले. सरफोजीराजांनी राज्यकारभार सोडला म्हणून कंपनीला तंजावरची सुपीक खोरी लढाईवाचून मिळाली. करारापासून लाभ घेताना तो पवित्र मानावयाचा आणि देण्याची वेळ आली की तलवारीकडे बोट दाखवावयाचे, याला इतिहासाचा नियम म्हणता येत नाही. त्याला बेइमानी असा जुनाच शब्द आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सूंनी ते डोंगर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इतर जमातींना हुसकून मिळविले. तंजावरच्या पूर्वीच्या नायक राजांच्या वारसास गादीवर बसविण्यासाठी विजापूरकरांनी पाठविलेले व्यंकोजीराजे पुढे स्वतःच तंजावरच्या गादीवर बसले. मग ज्यांनी स्वतः घेतले त्यांनी दुसऱ्याने घेतल्याबद्दल का रडावे? या आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. तंजावरच्या बाबतीत तर आणखीही कबूल केले पाहिजे की, आमची हानी एका राजघराण्याची व त्याच्या आश्रितांची होती. कावेरीच्या खोऱ्यात राबणाऱ्या पण्णैयाळ शेतमजुराला वसूल राजवाड्यात जातो की कलेक्टर कचेरीत, याने काही फरक पडला नसेल. सूंची हानी मात्र संपूर्ण लोकसमूहाची, त्याच्या अन्नाची, देवाची व भाषेची होती. म्हणून दोन दुःखे एकाच तागडीत घालणे हा आपमतलबीपणा होईल. परंतु आक्षेपाचा निष्कर्ष त्यामुळे खरा ठरत नाही. पूर्वीच्या मालकाशी सूंचा काही हिशेब असेल तर तो त्या मालकाचा व सूंचा. अमेरिकन सरकारने ती भूमी क्रो किंवा शायेन या जमातींना परत देण्यासाठी घेतली नव्हती. तिसऱ्याने केलेला अन्याय पुढे करून आपले कर्ज बुडविणाऱ्या ऋणकोला कोणतेही न्यायालय उभे करणार नाही. साम्य दुःखात नसून बलवानाच्या तर्कात आहे. १८५९ साली लंडनमध्ये जे तत्त्व वापरले गेले त्याचे भावंड १९०३ साली वॉशिंग्टनला ‘लोन वुल्फ’ खटल्यात प्रकट झाले, आणि इंडियन लोकांशी केलेले तह काँग्रेस एकतर्फी मोडू शकते, त्याची छाननी न्यायालयांनी करावयाची नाही, असे ठरले.

तिसरा आक्षेप भरपाईचा. १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी, डोंगर घेतल्याबद्दल न्याय्य भरपाई देणे सरकारवर बंधनकारक आहे असे ठरविले. १८७७ ची किंमत एक कोटी एकाहत्तर लाख डॉलर आणि त्यावर सालीना पाच टक्के व्याज, मिळून सुमारे साडेदहा कोटी देववले. एवढे लबाडीचे प्रकरण देशाच्या इतिहासात बहुधा सापडणार नाही, हा खालच्या न्यायालयाचा अभिप्रायही उद्धृत केला. ती रक्कम आज वाढून एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेली आहे, आणि पाइन रिजसारख्या सूंच्या राखीव क्षेत्रांची गणना त्या संपन्न देशातील अत्यंत दरिद्री भागांत होते. तरीही ते पैशास हात लावीत नाहीत. आमच्या तिरुवैयारूला तरी हा नकार अनोळखी वाटू नये. सरफोजीराजांचे राजसभेचे निमंत्रण व त्याबरोबरची दौलत संत-गायक त्यागराजस्वामींनी नाकारली, ही आख्यायिका येथे प्रत्येक पौष वद्य पंचमीला कोणी ना कोणी सांगतोच. पण दोन नकारांतील भेद विसरता कामा नये. स्वामींना काहीच मागावयाचे नव्हते. त्यांचा नकार वैराग्याचा. सूंना मागावयाचे आहे, आणि पैसे घेतले तर मागण्याचा अधिकार संपतो हे ते जाणतात. न विकलेल्या वस्तूचे मोल स्वीकारणे म्हणजे विक्रीला मागाहून संमती देणे होय. तहनाम्यातील तीन चतुर्थांश सह्या १८७७ साली मिळाल्या नव्हत्या. आज रक्कम उचलली तर त्या सह्या दीडशे वर्षांनी पूर्ण होतील. भुकेने जे घडवून आणता आले नाही ते व्याजाने घडवून आणण्याचा हा बेत आहे, आणि तो ओळखून नाकारण्यात भावनेचा गहिवर शोधणाऱ्यांनी त्यातील कायद्याची सूक्ष्म जाण पाहावी. तंजावरच्या राण्यांना अशी निवड करण्याची सवड नव्हती. अन्न, आश्रितांचा तनखा व राजवाड्याची अब्रू या सर्वांचा भार त्यांच्यावर होता, म्हणून त्यांना दोष देणे निर्दयपणाचे होईल. तथापि अनुग्रह स्वीकारल्यावर हक्काची भाषा किती झपाट्याने विझते, याचा दाखला म्हणून त्यांचे प्रकरण सूंनी वाचले असते तर त्यांचा निश्चय अधिकच दृढ झाला असता.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: शंभर वर्षांत तेथे गावे वसली, घरे झाली, ती काय उठवावयाची? हा आक्षेप मागणी न वाचता घेतलेला आहे. १९८५ साली सिनेटर बिल ब्रॅडली यांनी मांडलेल्या विधेयकात केवळ सरकारी मालकीची सुमारे तेरा लाख एकर जमीन सूंना परत करावी असे होते. खाजगी मालकांच्या एका वाफ्यासही धक्का लागणार नव्हता, आणि राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेले माउंट रशमोरही वगळलेले होते. एवढे माफक विधेयकही पार पडले नाही. २०१२ साली पेस्ला या पवित्र कुरणाची सुमारे एकोणीसशे एकर जमीन सूंना नव्वद लाख डॉलर मोजून विकत घ्यावी लागली. जे व्यवहार्य होते ते नाकारून मग व्यवहाराचे नाव सांगणे, यात प्रामाणिकपणा नाही.

एवढे खंडन झाल्यावर मंडन थोडक्यात करता येईल. करार मोडणाऱ्या सत्तेला त्या कराराबद्दल न्यायासनापुढे उत्तर देणे भाग असावे. गेलेली वस्तू अस्तित्वात असेल व देता येण्यासारखी असेल तर प्रथम वस्तू द्यावी, ती अशक्य असेल तेथेच मोल द्यावे. आणि काय स्वीकारावयाचे याची संमती ज्याचे गेले त्याची असावी. हे तत्त्व स्वप्नाळू नाही. आमच्या संसदेने २००६ साली वनहक्कांचा कायदा केला तेव्हा वननिवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्याच्या उद्देशिकेतच नमूद केले, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०१३ साली ओडिशातील नियमगिरी डोंगरातील खाणीबाबत सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांचे मत घेण्यास सांगितले तेव्हा बाराही ग्रामसभांनी नकार दिला. या दोन्ही ठिकाणी कोणी कोणाला देणगी दिली नाही. एका ठिकाणी गेलेला हक्क परत नोंदविला गेला, दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणण्याचा अधिकार मान्य झाला. कायद्याची अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी कंजूषपणे चालते हे खरे, पण तत्त्व कागदावर आले की त्याच्या आधारे फिर्याद तरी करता येते. कामाक्षीबाईसाहेबांना तेवढेही मिळाले नव्हते.

म्हणून तंजावरच्या जप्तीबद्दल ज्यांना अद्याप हळहळ वाटते त्या मराठी वाचकांना एवढेच सांगणे आहे की, ती हळहळ खरी असेल तर तिचा माप म्हणून उपयोग करावा. २०१६ साली स्टँडिंग रॉक येथील सूंनी मिसूरीखालून तेलाचा नळ नेण्यास विरोध केला तेव्हा, किंवा आपल्याच राज्यात एखादी ग्रामसभा खाणीचा ठराव फेटाळते तेव्हा, आपण ‘भरपाई घ्या व गप्प बसा’ या बाजूस उभे राहत असू, तर १८५९ चा निकाल आपल्याला अन्याय वाटतो असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावलेला आहे. राजघराणे आपले होते म्हणून वाटलेले दुःख हा अभिमान झाला; तोच नियम लकोटा स्त्रीला आणि गोंड शेतकऱ्याला लावण्याची तयारी असेल तरच त्याला न्यायबुद्धी म्हणता येईल.