ताण आणि बहार

फेब्रुवारीच्या मध्यावर नागपूरहून काटोलकडे निघाले की रस्त्याकडेच्या बागांमधून संत्र्याच्या फुलांचा वास येऊ लागतो. फूल पाहायला गेले तर अगदी लहान, पांढरे. पण सगळी बाग एकदम फुलते तेव्हा वाटसरूचीही पावले थबकतात. आपल्याकडचे शेतकरी याला आंबिया बहार म्हणतात. त्याची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात येतात. पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग बहार, आणि त्याची फळे येतात ती याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे कळमन्याच्या बाजारात मृगाच्या पिकल्या संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, त्याच वेळी बागेत आंबियाची कळी उमलत असते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ऋतू आला आणि झाड फुलले. बागेच्या मालकाला विचारले तर तो ताणाची गोष्ट सांगेल. आंबिया बहार हवा असेल तर थंडीच्या दिवसांत झाडाचे पाणी तोडावे लागते. पाणी तुटले की नवी पालवी फुटणे थांबते आणि झाड आपले अन्न फांद्यांमध्ये साठवू लागते. पाने मलूल होतात, काही गळतातही. मग आळी नीट करून खत दिले जाते आणि पाणी सुरू होते. पहिले पाणी हलके, त्यानंतर भरपूर. काही आठवड्यांत फांद्या फुलांनी भरून जातात.

इथे एक बारकावा आहे. ताण किती द्यायचा हे जमीन पाहून ठरते. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर पुरतो, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. ताण कमी पडला तर फुले थोडी येतात, आणि जास्त झाला तर फांद्या वाळतात, झाडच हातचे जाते. म्हणून या दिवसांत जाणता बागायतदार रोज बागेत फेरी मारतो. पाने काय सांगतात ते पाहतो, आणि पाण्याची वेळ झाली की एक दिवसही उशीर करत नाही.

आता शब्दांकडे पाहा. 'बहार' हा शब्द फारसीतून आला, त्याचा अर्थ वसंत ऋतू. 'बाग' फारसीच, आणि फळांच्या व्यापारात पिढ्यानपिढ्या असलेल्या आपल्या बागवान समाजाचे नावही त्यातूनच आले. गहू-हरभऱ्याचा 'रब्बी' हंगाम आला अरबी 'रबीअ'पासून, म्हणजे पुन्हा वसंतच, कारण ही पिके वसंतात कापली जातात. आपल्या हिजरी वर्षातले रबीउल अव्वल आणि रबीउल आखिर हे महिनेही त्याच शब्दाचे. विदर्भातला शेतकरी कोणत्याही धर्माचा असो, तो दिवसातून दहा वेळा वसंताचे नाव घेतो. मुलांना हे जरूर सांगावे. आपली भाषा कशी एकमेकांत मिसळून वाढली, हे त्यांना कोणत्याही भाषणापेक्षा या दोन शब्दांतून लवकर कळेल.

कुरआनात वसंताचा उल्लेख शोभेसाठी येत नाही. सूरह अर-रूमच्या ५० व्या आयतीत आणि सूरह हा-मीम सजदाच्या ३९ व्या आयतीत मेलेल्या जमिनीला पाण्याने पुन्हा जीव फुटतो, याकडे माणसाचे लक्ष वेधले आहे. त्याला जोडूनच सांगितले आहे की ज्याने जमीन जिवंत केली, तोच मेलेल्यांनाही उठवणार आहे. लहान मूल विचारते, 'दादाजान कबरीतून परत कसे उठतील?' त्याचे उत्तर द्यायला मार्च महिन्यासारखा दुसरा महिना नाही. उघडाबोडका झालेला पळस नुसत्या फुलांनी पेटलेला दाखवावा, पानगळीनंतर लालसर कोवळ्या पानांनी भरलेला कडुनिंब दाखवावा. फार बोलावे लागत नाही.

आता घरात येऊ.

नागपूरचा वसंत लांबलचक नसतो. रजई ठेवायची आणि कूलर काढायचा, यांच्या मधले चार-सहा आठवडे एवढाच तो. पुढे काय येणार हे आपण जाणतोच. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून उन्हाळ्याची सगळी तयारी या थोड्या दिवसांत उरकावी लागते. रजया-गाद्यांना ऊन दाखवायचे, कापूस दबला असेल तर पिंजून घ्यायचा. लोकरीचे कपडे धुऊन कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवायचे. गच्चीवर कुरडया, पापड, शेवया. वर्षाचे गहू आणि डाळी निवडून, वाळवून डब्यांत भरायच्या. मिरच्या वाळवून तिखट कांडून आणायचे. याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. आणि गेली काही वर्षे रमजानही याच ऋतूत येतो आहे. २०२२ मध्ये पहिला रोजा एप्रिलच्या सुरुवातीला होता, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत तो हळूहळू थंडीत जाईल. तोवर सेहरी, इफ्तार, तरावीह आणि ईदची तयारी यांची भर याच आठवड्यांत पडणार.

हे सगळे कोण करते? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. सेहरीसाठी सर्वांच्या आधी उठणारी तीच, दुपारी गच्चीवर कुरडया घालणारी तीच, इफ्तारच्या वेळी सर्वांच्या हातात खजूर देऊन स्वतः सर्वांत शेवटी बसणारीही तीच. घर झळाळते, पडदे नवे लागतात, शीरखुर्म्याला वाहवा मिळते. आणि ईदच्या दुपारी पाहुणे बैठकीत हसत असताना ती आतल्या खोलीत डोके धरून पडलेली असते. नोकरी करणारी असेल तर आणखी कठीण. घर नवे झाले म्हणायचे, पण ज्या माणसाने ते नवे केले ते जुने होऊन गेले. या ताणाला पाणी कोणी दिले?

झाडाला ताण देणारा माणूस पानांवर नजर ठेवतो. घरातल्या माणसाची पाने कोण पाहते, हा खरा प्रश्न आहे. रोजाही एक ताणच आहे, पण त्याला माप आहे. सूर्य मावळला की तो सुटतो, आणि इफ्तारला विनाकारण उशीर करू नये अशीच शिकवण आहे. आजाऱ्याला, प्रवाशाला, गरोदर स्त्रीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला त्यात सवलत आहे. इबादतीत एवढी सवलत देणारा दीन कुरडयांच्या बाबतीत सवलत देणार नाही, असे कसे होईल?

हजरत आयेशा (र.) यांना कोणी विचारले की प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस बुखारीत आहे. आपले जोडे सांधणे, कपडा शिवणे ही कामे ते स्वतः करत, असेही हदीसमध्ये आले आहे. लक्षात घ्या, 'मदत करत' असे नाही, घरच्यांच्या कामात असत. मदत म्हटले की काम दुसऱ्याचे ठरते. सुन्नत दाढीत आणि मिसवाकात पाहणाऱ्या आपल्या भावांनी आणि मुलांनी ती या हदीसमध्येही पाहावी.

म्हणून या महिन्यात एक करावे. जुम्याच्या दिवशी जेवण झाल्यावर सर्वांनी दस्तरखानावरच बसून राहावे, एक कागद घ्यावा आणि कामे लिहावीत. प्रत्येक कामापुढे एक नाव. अम्मीचे नाव सर्वांत शेवटी लिहावे आणि ज्या कामाची तिला मनापासून आवड आहे तेच तिला द्यावे. बाकी वाटणी कशी करता येईल, याचा हा एक नमुना.

कूलर अब्बू आणि मोठ्या मुलाचा. आधी प्लग काढायचा, मग हात लावायचा. जुनी खस काढून नवी बसवायची, पंप पाहायचा, वायर कुठे सोलली आहे का ते तपासायचे. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतींना चिकटून राहतात, म्हणून ती घासून कोरडी करावी लागते. पुढे उन्हाळाभर आठवड्यातून एकदा हेच, आणि तेही याच दोघांकडे.

कपाट मुलांचे. प्रत्येकाने आपले कपडे बाहेर काढायचे आणि तीन ढीग करायचे: होणारे, न होणारे, फाटलेले. न होणारे धुऊन, बटणे लावून, घडी करून द्यायचे. देण्याचा कपडा आपल्या ईदच्या आधी दुसऱ्याच्या घरी पोहोचावा. भोक पडलेला सदरा सदका म्हणून देऊ नये, त्याची फडकी करावीत. आपल्याला नको ते देणे आणि आपल्याला आवडते त्यातून देणे यातला फरक दहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

वाळवण सर्वांचे, पण मापाने. वीस जणांचे कुटुंब होते तेव्हाच्या पायलीचे माप चार जणांच्या घरात कशाला? शेजारच्या दोन घरांनी मिळून एक सकाळ ठरवावी. चीक हाटायला तरुण मुलाचा दंड उत्तम, सोऱ्या दाबायलाही. दादी-नानींना खुर्ची टाकून द्यावी आणि चिकाची धार किती घट्ट हवी ते त्यांनी सांगावे. त्यांचे गुडघे थकले आहेत, हिशोब थकलेला नाही. हा हिशोब कुठे लिहिलेला नसतो, म्हणून एका नातीने तो वहीत उतरवून घ्यावा.

पाणी सर्वांत धाकट्याचे. गच्चीवर सावलीच्या कोपऱ्यात पाखरांसाठी मातीचे पसरट भांडे, रोज सकाळी धुऊन ताज्या पाण्याने भरायचे. फाटकाबाहेर जागा असेल तर वाटसरूंसाठी एक झाकलेला माठ आणि ओगराळे. हजरत सअद बिन उबादा (र.) यांनी आपल्या मृत आईच्या नावाने कोणता सदका उत्तम, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले होते, पाणी. नागपूरच्या एप्रिलमध्ये या उत्तराचा अर्थ रिक्षावाल्याला विचारावा.

कुंडी ज्याला हवी त्याची. पुदिना आणि कढीपत्ता आत्ता लावला तर सावलीत उन्हाळा काढतो. मोगऱ्याची थोडी छाटणी करून खत-पाणी दिले की तो उन्हाळाभर फुलतो. अंगणात मोठे झाड लावायचे असेल तर रोप पावसाळ्यातच लावावे, पण खड्डा आत्ता खणावा. उन्हाळाभर तो तापला की मातीतली कीड मरते. आपण लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतो, ही हदीस खड्डा खणणाऱ्या मुलाला तिथेच सांगावी. हातात कुदळ असताना ऐकलेले लक्षात राहते.

आणि एक सकाळ कामाची नसावी. परीक्षा संपल्या की फजरनंतर लगेच निघावे, कारण नऊच्या पुढे ऊन चावू लागते. सेमिनरी हिल्स, अंबाझरी किंवा गोरेवाडा आपल्या शहरातच आहेत. रामटेकच्या वाटेवर पळस पाहायला मिळतो. ओळखीच्या कोणाची संत्र्याची बाग असेल तर फारच छान. मुलांना मालकाशी बोलू द्यावे, ताण किती दिवस दिला, पाणी कधी सोडले ते त्यांनीच विचारावे. डबा घरच्या पुरुषांनी भरावा. पोळ्या जाड झाल्या तर झाल्या. रमजान असेल तर ही सकाळ ईदनंतरच्या रविवारी ठेवावी.

काही भगिनी म्हणतील, सांगणे सोपे आहे, मुलगा सोऱ्या वाकडा धरतो, नवरा कूलर खोलून अर्धा तसाच ठेवतो, त्यापेक्षा मीच केलेले बरे. खरे आहे, पहिल्या वर्षी काम वाढेल. कुरडया वेड्यावाकड्या होतील. पण तळल्यावर त्या तितक्याच फुलतात, आणि ज्याने घातल्या तो आपली कुरडई ताटात ओळखून खातो. मुलीला लहानपणापासून शिकवतो तसे मुलालाही शिकवावे लागते. उद्या त्याच्या घरात जी येईल ती तुम्हाला दुआ देईल.

संत्र्याच्या बागेत कष्ट टळत नाहीत, झाडालाही ताण सोसावाच लागतो. बहार येतो तो माप सांभाळल्यामुळे आणि वेळेवर पाणी दिल्यामुळे. घरात आपल्या हाती आहे ते हेच. यंदा कामाचा कागद कराल तेव्हा तो स्वयंपाकघरात नको, बैठकीत लावा, म्हणजे आपापली नावे सर्वांना दिसतील.

अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो आणि घर उभे करणाऱ्या हातांना विसावा देवो. आमीन.