वर्ण, वस्त्र आणि नवा रकाना

परवा पुतणीने मोबाइलवर आपला रंग-अहवाल दाखवला. ती म्हणे ‘ऑटम’ आहे. तिने विटकरी, मोहरी, शेवाळी वापरावे. पांढराशुभ्र आणि भडक गुलाबी वर्ज्य. यासाठी तिने चांगले पैसे मोजले होते. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो तारणाचा. या अहवालामागे तारण काय?

अगदीच नाही असे नाही. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगखाते सांभाळणारे रसायनतज्ज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. त्यावर १८३९ साली त्यांनी ग्रंथच लिहिला. शेजारचे कापड चेहऱ्याचा वर्ण बदलून दाखवते, ते याच न्यायाने. लक्ष्मी रोडवर साडी दाराशी उजेडात नेऊन खांद्यावर टाकून पाहणाऱ्या आपल्या आयांना हे ठाऊक होतेच. ट्यूबलाइटवर त्यांचा भरवसा नव्हता.

घोटाळा वर्गवारीत आहे. १९८० साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ने माणसे चार ऋतूंत वाटली. त्यात गोऱ्यांना चारही ऋतू मिळाले; काळ्या आणि आशियाई लोकांपैकी बहुतेकांची रवानगी हिवाळ्यात. पुढे त्यात पोटभेद पडले, अलीकडे सोलच्या स्टुडिओंनी ते उचलले आणि तेच खूळ आता मुंबई-पुण्यात आले आहे.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न कधीच नुसता कापडाचा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीला जांभळा आवडे. ‘तुझ्या वर्णाला उठून दिसत नाही,’ हे तिला घरच्यांनीच सांगितले. त्यात मीही असेन. बघायला येणाऱ्यांना ती ‘निमगोरी’ म्हणून सांगितली जाई आणि साडी फिकीच नेसवली जाई. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातले गोरेपण पुसून ‘ग्लो’ घातले. स्थळांच्या यादीतला वर्णाचा रकाना इतक्या सहजी पुसला जात नाही. नवा अहवाल गोरी-काळी म्हणत नाही, ‘वॉर्म’-‘कूल’ म्हणतो. ही सुधारणा मानायला हवी. पण वर्ज्य रंगांची यादी त्यातही आहेच. (नवरात्रात वर्तमानपत्राने पिवळा जाहीर केला की अख्खी लोकल पिवळी होते. तेव्हा कुणी कुणाचा वर्ण विचारत नाही.)

बहीण आता सत्तरीपलीकडे गेली. पुतणीने तिलाही खिडकीशी बसवले, खांद्यावर एकेक ओढणी टाकून पाहिली. आत्या ‘विंटर’ निघाली. जांभळा तिला सगळ्यांत शोभतो, असा निकाल आला.

‘‘आता सांगतेस होय गं?’’ बहीण म्हणाली आणि ओढणी घडी करून ठेवू लागली.