काचेवरचा ओरखडा

ईद जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. चार वर्षांपूर्वी आमच्या घरीही ती चालू होती. त्या वर्षी आम्ही पुढच्या खोलीला नवा गिलावा करून घेतला होता. खिडकीच्या काचांवर सिमेंटचे शिंतोडे उडून वाळले होते. माझी पुतणी तेव्हा नववीत होती. कुणी न सांगता तिने कोरडे फडके घेतले आणि चारही काचा घासून लख्ख केल्या. संध्याकाळी तिरपे ऊन आले, तेव्हा काचांवर बारीक रेघांचे जाळे दिसू लागले. एक रेघ तर चांगली वीतभर लांब होती. घरात पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोरच मी तिला बोललो. ती एक शब्दही न बोलता आत निघून गेली.

मग मी स्वतःचा शहाणपणा दाखवला. टूथपेस्टने ओरखडे जातात असे कुणीतरी सांगितले होते. तासभर घासले. रेघ गेल्यासारखी वाटली, पण पाण्याने धुताच पुन्हा दिसू लागली. पेस्ट फक्त रेघेत भरून बसली होती. मला राग आला. मी बारीक पॉलिश पेपर आणला आणि जोर लावून घासले. बशीएवढा भाग धुरकट झाला. पुतणीच्या रेघेतून समोरचे कडुलिंबाचे झाड दिसत होते. माझ्या बशीतून काहीच दिसेना.

मुलांनो, तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. घरच्या खिडकीवरचा ओरखडा काढण्याच्या मागे लागू नये. डाग काचेच्या वर बसलेला असतो, म्हणून तो पुसता येतो. ओरखडा म्हणजे त्या जागची काचच गेलेली असते. जे तिथे नाही, ते पुसणार कसे?

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. फ्रीडरिक मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. त्या श्रेणीत हिरा १० वर आहे. आपले नख साधारण अडीचवर येते आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. वाळूत जे गारेचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७ असतो. म्हणजे वाळू काचेला सहज कापते. फडके मऊच होते, पण सिमेंटच्या शिंतोड्यांत वाळू होती. फडक्याखाली ती फिरली आणि प्रत्येक कणाने आपली रेघ ओढली. बऱ्याच टूथपेस्टमध्ये खडूसारखी पूड असते. ती काचेपेक्षा मऊ, मग ती काच झिजवणार कशी? काचेवर चिकटलेला चुन्याचा डाग किंवा भांड्याची काळी रेघ तिने निघते, आणि लोक म्हणतात, ओरखडा गेला!

कुणी विचारेल, दुकानांतल्या मोठ्या काचा कारागीर गुळगुळीत करतातच ना? करतात. सीरियम ऑक्साइड नावाची पूड पाण्यात कालवून ते नमद्याच्या फिरत्या चाकाने काच घासतात. पण तेव्हाही ओरखडा भरत नाही. त्याच्या भोवतीची काच ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवावी लागते. पाणी कमी पडले तर काच तापून तडकते. एकाच जागी जास्त घासले तर तिथे खळगा पडतो आणि बाहेरची वस्तू वेडीवाकडी दिसते. काच महाग असेल तर ही मेहनत परवडते. साध्या खिडकीसाठी ती कशाला? रेघेवरून हळूच नख फिरवून पाहा. नख अडकले, तर घरच्या उपायाने ती रेघ जाणार नाही हे समजा.

खोल ओरखड्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. काचवाला काच कशी कापतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो हिरकणीने फक्त एक रेघ ओढतो आणि हलकेच दाब देतो. काच नेमकी त्या रेघेवर तुटते. काचेवरच्या बारीक चिरा तिची ताकद किती घटवतात, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. म्हणून वाऱ्याने आपटणाऱ्या झडपेतली खोल रेघेची काच बदलावी, हेच बरे.

बाकी रेघांसाठी घरात भांडण करू नये. आणि दोष द्यायचाच, तर आधी पाहावे की काच पुसायला कुणी शिकवले होते का. आमच्याकडे कुणीच शिकवले नव्हते. गिलावा चालू असताना काचांवर जुनी वर्तमानपत्रे लावायला हवी होती. ते काम माझे होते. उडालेले सिमेंट ओले असतानाच धुवायचे असते, कारण त्यातील अल्कली काचेलाही खाते. वाळलेच, तर ओले फडके ठेवून भिजू द्यावे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच हात फिरवावा. फडके पुन्हा पुन्हा पिळावे. राख किंवा तारेचा घासणा भांड्यांसाठी आहे, काचेसाठी नाही.

धुरकट झालेली ती काच शेवटी बदलावीच लागली. काचवाल्याने जुनी लांबी खरवडून काढली आणि अर्ध्या तासात नवी काच बसवली. पुतणीच्या रेघांच्या तिन्ही काचा अजून तशाच आहेत, आणि त्यातून झाड नीट दिसते. तिची मी माफी मागितली, पण स्वयंपाकघरात, कुणी नसताना. "चाचा, बोललात मात्र पाहुण्यांसमोर," असे ती म्हणाली. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.